सदूचं कोपर

शिरगाव, सोमवार

प्रिय शलाका,

प्रिय लिहिलंय ते पत्रात तसं लिहायचं असतं म्हणून. आज तू मला तितकीशी प्रिय नाहीस. चौथी शिकलेल्या बाईने कागद भरायला घेतलाय म्हणजे डोकं किती तापलं असेल ते समजून घे. मोबाईलवरच सुनावलं असतं, पण तू निम्म्यात ‘हो आजी, हो आजी’ करतेस आणि मागून कुणी हाक मारली की ठेवून देतेस.

तुझा तो व्हिडिओ बघितला. तुझ्या आईने मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला. फिजिओथेरपीची डिग्री झाली, आता पुण्याला खेळाडूंच्या दुखापतींचं दोन वर्षांचं मोठं ट्रेनिंग, आपली पोरगी डॉक्टरांसमोर उभी राहून बोलतेय, म्हणून मी चष्मा पुसून बसले. आणि पडद्यावर कोण, तर माझा सदू. बनियनवर! दिवाळीत आलीस तेव्हा बापाच्या हाताला ती कोन मोजायची प्लास्टिकची पट्टी लावून आकडे लिहीत होतीस, मला वाटलं पोरगी बापाचं काही बरं करतेय. त्याला भात कालवून दिलास, उजव्या हाताने खा म्हणालीस, आणि घास तोंडापासून वीतभर अलीकडे अडकला त्याचं शूटिंग केलंस. तो हसला. तुझ्यासाठी हसला ग तो. लग्नाच्या पंगतीत हा माणूस कोपऱ्यातलं पान धरून बसतो, डाव्या हाताने जेवताना कुणी बघू नये म्हणून. ते तू भिंतीएवढं मोठं करून चारचौघांना दाखवलंस.

एवढ्यावर थांबली असतीस तरी मी गिळलं असतं. पण पुढे म्हणालीस, पेशंट लहानपणी कोपरावर पडला होता, डॉक्टरांनी सांधा नीट बसवला होता, पण मग कुणा अडाणी मालिशवाल्याने चोळचोळ चोळला, त्याने मांसात हाड तयार झालं आणि हात कायमचा अडकला. असे लोक कधी शिकत नाहीत, हे वर. समोरचे हसले. सदूने मोबाईल पालथा घातला आणि पाणी भरायला गेला. नळाला तेव्हा पाणीच नव्हतं.

अडाणी! तुझी टाळू कुणी भरली? शिरगावात या बिल्डिंगी नव्हत्या, सगळी भाताची खाचरं होती, तेव्हापासून मी बाळंतिणींना शेकते, पोरं न्हाऊ घालते, वांगणीहून बायका मला न्यायला यायच्या. मुरगळलेला घोटा कुठे धरायचा हे तुला पहिल्यांदा कॉलेजने शिकवलं काय? अंगठा असा ठेव, नख लावू नको, अंगठ्याच्या पोटाने दाब, माणसाच्या तोंडाकडे बघत दाब, हे माझ्या ओट्यावर शिकलीस तू, फ्रॉक घालत होतीस तेव्हा. सांगितलंस तिथे कुणाला? कशाला सांगशील. तुमच्याकडे मशिनी आहेत.

आणि मोठ्या संघातल्या एखाद्याच्या नखाला लागलं तरी तुम्ही चौघं बर्फ घेऊन धावता, हे तूच कौतुकाने सांगत होतीस. आता इथलं ऐक. शेजारच्या गोजरबाईची नात जिज्ञासा, कबड्डी खेळते ती, गुरुवारी सरावात कोपरावर पडली. सांधा निखळला. दवाखान्यात बसवून दिला, हात झोळीत बांधला, तीन आठवडे चोळू नका म्हणाले. पुढे काय करायचं, कधी हलवायचा, परत मैदानात कधी उतरायचं, हे विचारायला तिच्यापाशी कोण आहे? तिच्या कोचचा दिवसातून तीनदा फोन, निवड चाचणी वीस दिवसांवर आलीय म्हणून. मग ती पोर कुठे जाणार? माझ्या ओट्यावर. दुसरा ओटा तुम्ही शिकलेल्यांनी कुठे बांधून ठेवलाय?

काल दुपारी गोजरबाई तिला घेऊन आली. झोळी सोडलेली, आणि तेलाची वाटी घरूनच कोमट करून आणलेली. म्हणाली, गंगू, पोरीला चाचणीआधी मोकळी कर. मी नाही म्हटलं. तर केवढी तडकली! नात डॉक्टरीण झाली तशी तू आमच्या अंगाला हात लावायची नाहीस काय, पाठ चोळतेस, घोटा चोळतेस, कोपराचंच काय एवढं सोवळं? तेही खरंच. इतक्या वर्षांत मी कुणाच्या कोपराला बोट लावलेलं नाही, तान्ह्या बाळाच्यासुद्धा. खांद्यापासून तेल लावत येते, कोपराशी हात उचलते आणि पुढे परत टेकवते. तू लहानपणी विचारलं होतंस, आजी मधली जागा का सोडतेस. मी तुला ओरडले होते. गोजरबाई म्हणाली, तू नाही तर वांगणीला एक जण आहे, उद्या सकाळी तिकडे नेते. पोर भिंतीला टेकून उभी, दुसऱ्या हाताने कोपर धरून. सुजून लाल झालेलं.

दिवाळीत तू बापाला विचारलंस, कुणी चोळला होता. तो म्हणाला, शिवमंदिराच्या यात्रेत बसायचा एक जण. मी चुलीपुढे भाकरी थापत होते, थापतच राहिले. यात्रेत तसलं कुणी बसत नव्हतं, शलाका. सदू चौदा वर्षांचा होता, पुढल्या रविवारी त्याची क्रिकेटची फायनल होती, आणि उल्हासनगरच्या डॉक्टरने मला बजावून सांगितलं होतं की तेलाचं बोट लावू नका. मी म्हटलं, याला काय कळतंय. आठ दिवस, सकाळ-संध्याकाळ, त्याचं मनगट माझ्या गुडघ्याखाली दाबून मी चोळला. तो ओरडायचा आणि मी म्हणायचे, दुखतंय म्हणजे सुटतंय. छत्तीस वर्षं त्याने माझं नाव कुणापुढे घेतलं नाही, तुझ्या आईपुढेसुद्धा. काल मी त्याला गोजरबाईसमोर बसवला, भाताचं ताट दिलं, उजव्या हाताने खा म्हटलं. घास अडकला. मग तिला सांगितलं, बघ, हे माझं काम. गोजरबाईने तेलाची वाटी पदराखाली घेतली. झोळी तिला बांधता येईना, ती मी बांधली. सदू नुसता म्हणाला, आई, कशाला? आता गोजरबाईच्या कानावर गेलंय म्हणजे दोन दिवसांत शिरगावभर होईल, आणि तुला ते गावाकडून कळायला नको, म्हणून हा कागद. यात्रेतला तो मालिशवाला तुझ्या केसमधून खोड आणि तिथे लिही, पेशंटची आई, गंगू. अडाणी राहू दे. शिकत नाहीत एवढं मात्र काढ. रविवारी ये आणि जिज्ञासाला बघ, ती पट्टी आण, तिच्या कोचलाही तूच काय ते सुनाव. बापासमोर मोबाईल काढलास तर जेवायला वाढणार नाही.

तुझीच,
सदूची आई
गंगू