माधव नगरचे घर मंदारलाच का

मी, प्रतिभा विनायक मुळ्ये, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार माधव नगर, उज्जैन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. वकिलांनी एक नमुना दिला होता. त्यात सुरुवातीलाच मरण कोणाला चुकत नाही अशा अर्थाचे लांबलचक वाक्य होते. माझे पती विनायक सहा वर्षांपूर्वी गेले तेव्हा मला ते कळले आहे, म्हणून ते गाळले.

माझे डोके ठिकाणावर आहे. डॉ. कल्पना तारे यांनी तपासले, वार विचारला, नातवंडांची नावे विचारली. मी रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचते हे त्यांच्या कानावर गेले होते, त्याबद्दलही विचारले. आमच्या यांची, म्हणजे विनायकरावांची, नजर गेल्यावर मी यांना अग्रलेख वाचून दाखवत असे. ती सवय राहिली. समोरची खुर्ची रिकामी आहे हे मला दिसते. डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव कसा असतो ते मी जवळून पाहिले आहे, त्यामुळे हे वाक्य मी नमुन्यातून उतरवलेले नाही.

मला दोन मुले. थोरला मंदार, धाकटी गौरी. यापूर्वी केलेल्या मृत्युपत्रात घर दोघांना निम्मे-निम्मे होते. ते मृत्युपत्र मी रद्द करते. का, ते घराच्या कलमात येईल. आधी किरकोळ गोष्टी उरकते.

१. पुस्तके. दोन कपाटे आहेत. मी आठवीपर्यंत शिकले. पुढचे वाचन कारखान्याच्या क्वार्टरमध्ये दुपारी, शब्दकोश शेजारी ठेवून केले. मराठी पुस्तके इथल्या मराठी समाजाच्या ग्रंथालयाला द्यावी, हिंदी गौरीला. समासात पेन्सिलीने माझी मते आहेत, ती खोडू नयेत. काही ठिकाणी लेखकाशी भांडण आहे, ते तसेच राहू द्यावे.

२. यांचा व्हर्नियर कॅलिपर आणि मोजमापाची बाकी हत्यारे गौरीच्या मुलीला, ईराला. ती इंजिनिअरिंग शिकते आहे. “आज्जी, आता सगळं डिजिटल आलंय गं,” असे ती म्हणाली, तरी जाताना कॅलिपर पर्समध्ये घालून घेऊन गेली. म्हणजे हे कलम अर्धे अमलात आलेच आहे.

३. तांब्याचा बंब. हा माझ्या सासूबाईंचा. माझे दीर अनिल, राहणार फ्रीगंज, यांनी तो माझ्याकडे अनेकदा मागितला. त्यांना तो मिळणार नाही. कारण त्यांना ठाऊक आहे, पण पुढच्या पिढीला कळावे म्हणून लिहिते. आम्हाला क्वार्टर सोडावे लागले तेव्हा सामानाचा टेम्पो आम्ही त्यांच्या दाराशी उभा केला होता. भावजी बाहेर आले आणि म्हणाले, “वहिनी, मंत्र्याशी वाकडं आहे तुमचं. माझ्या दुकानाचं लायसन्स याच महिन्यात रिन्यू व्हायचंय. समझा करो.” मी समजून घेतले. टेम्पो नानाखेड्याला वळवला. माझ्या मनात राग उरलेला नाही, पण बंब गौरीला.

४. चांदीचा मुलामा दिलेला कलश, ज्यावर ‘नवीन भट्टी शुभारंभ’ असे कोरले आहे. तो भंगारवाल्याला द्यावा. घासाघीस करू नये. देईल तेवढे घ्यावे.

५. घर. या एका गोष्टीवरून माझी मुले गेल्या दिवाळीपासून एकमेकांशी बोललेली नाहीत, म्हणून हे कलम लांब आहे.

हे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. आम्ही ते कसे घेतले ते कळल्याशिवाय मी ते कोणाला का देते हे कळणार नाही.

माझे पती सरकारी पंप कारखान्यात वर्क्स मॅनेजर होते. कारखाना राज्य सरकारच्या निगमचा, म्हणजे महामंडळाचा. वर अध्यक्ष असे, तो मंत्र्यांच्या मर्जीतला. त्याला पंपातले काही कळावे अशी अपेक्षा नसे. नवा अध्यक्ष आला की आधी गेटवरचा बोर्ड रंगवायचा, मग खोलीचे पडदे बदलायचे, मग कोणाच्या तरी भाच्याला चिकटवायचे. हे म्हणायचे, “अध्यक्ष बदलला की मला पंपांआधी पेंटरला बोलवावं लागतं.”

मंदार दहावीत होता त्या वर्षी लोखंड वितळवायची नवी भट्टी बसली. भट्टीला आतून अस्तर असते. ते नवे लावल्यावर सावकाश वाळवून, बेताबेताने तापवावे लागते. घाई केली तर तडकते. इकडे निवडणूक तोंडावर होती आणि मंत्र्यांना आचारसंहितेच्या आधी बटण दाबायचे होते. यांनी लेखी कळवले की अस्तर ओले आहे, थोडे थांबा. त्या संध्याकाळी अध्यक्ष स्वतः आमच्या क्वार्टरवर आले. मी चहा दिला. त्यांनी चहाचे कौतुक केले, मग बागेचे. म्हणाले, “मुळ्येजी, क्वार्टर बड़ा बढ़िया मिला है आपको। भाभीजी ने गुलाब भी क्या लगाए हैं! बच्चों की परीक्षा कब से है?”

बस, एवढेच. भट्टीचा शब्दही काढला नाही. ते गेल्यावर हे ओट्यावर येऊन बसले. मग म्हणाले, “जायचं कुठे, प्रतिभा? आपल्याकडे आपलं म्हणून एक खोली नाही.”

भट्टी ठरल्या दिवशी पेटली. मंत्र्यांनी बटण दाबले, हार झाले, फोटो झाले, चौथ्या कलमातला तो कलश यांना मिळाला. पुढच्याच आठवड्यात अस्तर तडकले. वितळलेले लोखंड बाहेर आले आणि श्रीनाथ या भट्टीवरच्या कामगाराचा डावा पाय जळाला. तो वाचला, पण पाऊल गेले.

चौकशी बसली. अध्यक्षांनी अहवाल आधीच टाइप करून आणला होता. कामगाराच्या निष्काळजीपणाने अपघात झाला, असे त्यात होते. खाली यांची सही हवी होती. त्या सहीने श्रीनाथची भरपाई गेली असती, नोकरीही गेली असती.

यांनी सही केली नाही. घर नव्हतेच, पोरांची परीक्षा चालू होती, सगळे तसेच होते. तरी केली नाही. जेवताना एवढेच म्हणाले, “एकदा हो म्हटलं, त्याचा पाय गेला. आता पुन्हा कसं म्हणू?”

आठवड्याच्या आत भोपाळच्या मुख्य कार्यालयात बदली झाली, जिथे यांना टेबल होते आणि काम नव्हते. क्वार्टर लगेच रिकामे करायला सांगितले. मंदारने भूगोलाचा अभ्यास टेम्पोत बसून केला आणि पेपर दिला. नानाखेड्याला दोन खोल्यांत आम्ही राहिलो, हे भोपाळहून शनिवारी येत. श्रीनाथला मात्र भरपाई मिळाली, आणि बसून करायचे काम.

त्या दोन खोल्यांत मी ठरवले की आधी घर. माझ्या पाटल्या, यांचा फंड आणि बँकेचे कर्ज मिळून माधव नगरचे हे घर झाले. माझ्या नावावर घेतले, कारण हे म्हणाले की उद्या माझ्यावर काही बालंट आलं तरी छप्पर तुझं राहील.

पुढे सरकार बदलले, अध्यक्ष गेले, आणि कारखाना इतका तोट्यात होता की ती खुर्ची कोणालाच नको होती. यांना परत बोलावून प्रभारी केले. अधिकार सगळे, पद नाही, बोर्डावर नाव नाही. निवृत्तीपर्यंत हे प्रभारीच राहिले. पण ती वर्षे मी जवळून पाहिली. मंत्र्यांच्या सभेसाठी कारखान्याच्या बसगाड्या मागितल्या, यांनी नाही म्हटले. कोणाच्या तरी भाच्याला खरेदी विभागात घ्या म्हणाले, नाही म्हटले. घरी येऊन हातपाय धुवायचे, चहा प्यायचे आणि झोप शांत लागायची. कारखाना नफ्यात आला, कामगारांना बोनस मिळाला. मी एकदा विचारले, “आता भीती नाही वाटत?” तर म्हणाले, “वाटते. पण आता क्वार्टर काढून घेतलं तर रिक्षा करून माधव नगरला यायचं, एवढंच ना?”

हे निवृत्त झाल्यावर पुन्हा अध्यक्ष आले, आणि काही वर्षांत कारखान्याला कुलूप लागले. तो भाग यांनी मला पेपरातून वाचू दिला नाही. पान उलट म्हणायचे.

आता सरकार तो कारखाना पुन्हा उघडते आहे, आणि अध्यक्षपद मंदारला देऊ केले आहे. मंदारने पीथमपूरच्या खासगी कारखान्यात आयुष्य काढले, त्याला काम येते. पण पद त्याला कामासाठी मिळत नाही. इथले आमदार त्याच्या कॉलेजातले, त्यांच्या शब्दावर मिळते आहे, आणि तो शब्द कधीतरी परत मागितला जाईल हे मंदारला माहीत आहे. त्याच्याकडे स्वतःचे घर नाही. होता तो फ्लॅट मुलाच्या, राजसच्या, परदेशी शिक्षणासाठी विकला. अध्यक्षाला सरकारी बंगला मिळतो.

दिवाळीत मी दोघांसमोर सांगितले की घर पूर्ण मंदारला देणार. गौरी फराळाचे ताट ठेवून उठली.

“त्याला? त्या खुर्चीत बसायला निघालाय त्याला? आई, बाबांचं काय केलं त्यांनी, विसरलीस तू?”

“विसरले नाही म्हणून तर देते.”

“उद्या या घराच्या गेटवर आमदाराचं पोस्टर लागेल. जन्मदिन की हार्दिक शुभकामनाएँ, आणि खाली दादाचा हात जोडलेला फोटो.”

मंदार म्हणाला, “गौरी, चांगल्या माणसांनी बसायचंच नाही तिथे, तर मग बसणार कोण?”

“तू बस की. बाबांच्या घरात राहून नको.”

मी दोघांचे ऐकून घेतले. मग विचार करायला हिवाळा घेतला. निर्णय तोच राहिला, आणि असा:

माधव नगरचे घर, मागच्या अंगणासह, माझ्या पश्चात मंदारच्या एकट्याच्या मालकीचे होईल. तो अध्यक्ष झाला तर त्याने सरकारी बंगल्यात राहू नये, इथे राहावे. पदावर असेपर्यंत घर विकू किंवा गहाण ठेवू नये. गेटवर कोणाचा फोटो लावू नये, स्वतःचाही. वकील म्हणतात, मालकी एकदा पूर्ण दिली की अशा अटी कोर्टात टिकत नाहीत. मग त्या अटी समजू नयेत. आईने सांगितले आहे, असे समजावे.

६. गौरीला माझ्या बँकेतल्या सर्व ठेवी आणि सर्व दागिने. हे घराच्या निम्म्याइतके होत नाही, हे मी हिशोब करून पाहिले आहे. तिचे इंदूरला स्वतःचे घर आहे, आणि तिला कोणी खुर्ची देऊ केलेली नाही. गौरी, मी तुला कमी देते, कमी मानत नाही. तू चिडलीस ते बाबांसाठी, हे मला कळले.

७. श्रीनाथला काही द्यावे अशी माझी इच्छा होती. मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले. मी श्रीनाथला दोन्हींतले एक निवडायला सांगितले. तो म्हणाला, “बाई, मला सहीच करू द्या. त्या दिवशी साहेबांनी केली नव्हती, म्हणून मी करतो.” म्हणून त्याला काही दिलेले नाही.

८. दहन चक्रतीर्थावर व्हावे. श्रद्धांजलीच्या भाषणांना कोणत्याही पदाधिकाऱ्याला बोलवू नये.

९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी यांचे भाचे अनय दामले यांनी करावी. त्यांना यातले काही मिळत नाही, म्हणून ते कोणाची बाजू घेणार नाहीत.

हे सर्व लिहून झाल्यावर काल मी मंदारला बोलावून वाचून दाखवले. गौरीला फोनवर वाचून दाखवले. ती “बरं” म्हणाली. मंदारने मात्र घराचे कलम पुन्हा वाचायला मागितले. मग म्हणाला, “आणि आई, समज, तिथे बसून मला नाही म्हणता आलं नाही, तर? घर परत घेशील?”

मी म्हटले, “मी तेव्हा असेन की नाही कोण जाणे. घर तुझंच राहील. फक्त घर नव्हतं म्हणून हो म्हटलं, असं तुला कोणाला सांगता येणार नाही.”

पदाचे उत्तर त्याने अजून कळवलेले नाही. ते काहीही असो, वरच्या पाचव्या कलमात बदल नाही.

वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली. त्यांनी माझ्या समोर केली.

प्रतिभा विनायक मुळ्ये

साक्षीदार:
१. श्रीनाथ रामचंद्र चौहान, निवृत्त कामगार, राहणार नानाखेडा, उज्जैन
२. डॉ. कल्पना तारे, राहणार फ्रीगंज, उज्जैन

स्थळ: माधव नगर, उज्जैन
दिनांक: १२ मार्च २०२५