खळगा किती खोल होता?

प्रिय वहिनी,

मधल्या खोलीतल्या फरशा आज मी उखडल्या आहेत, आणि दादा सकाळपासून खाटेवरून पाय खाली ठेवायला तयार नाही. "आधी तिले विचार, मंग फरशी बसव," एवढंच म्हणतो. तुम्हाला कसं विचारू? म्हणून हे पत्र.

जमीन पुन्हा बसली, वहिनी. त्याच जागी! यंदाही भाव पडला म्हणून कापूस होळीपर्यंत घरातच राहिला, पार आढ्याला टेकलेला. गाडी भरून दिग्रसला गेली तेव्हा गंजीखालून परातीसारखा खळगा निघाला. पहिलाही अशाच एका साली पडला होता. आठवतं ना?

तेव्हा मला त्याची लाज वाटायची. कोणा मिस्त्रीच्या हाताखाली न राबता मी हे काम शिकलो. सपाटी पाहायची पाण्याची नळी, ओळंबा, गुण्या, सगळं माझं मी. अख्ख्या बोरी अरब गावात माझ्या फरशीवर गोटी ठेवा, जागची हलणार नाही. आणि माझ्याच घरात खळगा? तुम्ही हसायच्या, "भाऊजी, नळीत पाणी कायले पाहून राह्यले? मले चालता येते नं!"

येतच होतं. डोळ्यांनी तुम्हाला जेमतेम उजेड कळायचा, तरी तुम्ही भरली घागर घेऊन घरभर फिरायच्या. कशाच्या आधारानं, हे मी एकदाही विचारलं नाही.

तुम्ही लेकीकडे, सुनंदाकडे पांढरकवड्याला गेलात आणि मी संधी साधली. मुरूम भरला, धुम्मसानं ठोकला, फरशी पाण्यासारखी सपाट केली. तुम्ही आलात तेव्हा छाती पुढे काढून म्हणालो, "आता चालून पहा वहिनी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही चाललात. पायाला खळगा लागला की दोन पावलं, मग न्हाणीची पायरी. हे तुमचं माप होतं. त्या दिवशी खळगा आलाच नाही, थेट पायरी आली. घागरीचा आवाज मी अंगणात ऐकला.

विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही खाटेवरून सांगितलंत, "चप्पल सरकली माही." घरात चप्पल कोण घालतं, वहिनी? उंबरठ्याच्या आत चप्पल आली तर तुम्ही मला पाहुण्यांदेखत झापायच्या! आणि मी बाजूला उभा राहून म्हणालो, "हो, चप्पलच."

त्या खाटेवरून तुम्ही उठलाच नाहीत, तिथूनच गेलात. एकदा तरी मला शिवी द्यायची होती. काहून नाही दिली?

आज दादा पहिल्यांदा बोलला. "मले तवाच समजलं होतं. तिनंच चूप बसवलं मले. म्हणे, वासूले समजलं तं त्याचा हात थांबन." आता त्याचीही नजर गेली आहे, तुमच्यासारखीच. कापूस उचलल्यावर त्याचा पाय त्या खळग्यात पडला, तर घाबरायचं सोडून म्हणतो कसा, "हे पाह्य, तिची जागा परत आली!"

पण फरशांच्या कडा वर आल्या होत्या. दोनदा त्याचा अंगठा ठेचला. फरशी तशीच ठेवली तर तो पडेल. सपाट केली तरी पडेल, कारण आता तोही त्या खळग्यावरूनच पायरी मोजतो. उखडल्यावाचून इलाज नव्हता.

म्हणून विचारतो, खळगा किती खोल होता? बोटभर? दोन बोटं? माझी वही काढून पाहिली. खोलीची लांबी-रुंदी आहे, फरशा किती ते आहे, न्हाणीच्या पायरीची उंची सुतापर्यंत अचूक आहे. खळगा नाही. माझ्या लेखी ती चूक होती ना! चूक कोण मोजतं?

ते माप दोघांच्याच पायात होतं. एक पाय तुमचा. दुसरा दादाचा, कारण त्याच वाटेनं तुमच्या मागे तोही वीस वर्षं चालला.

उद्या बाकीच्या फरशा बसवीन. खळग्याच्या जागची ती एक मात्र ओल्या वाळूवर नुसती ठेवीन. दादा अनवाणी येईल, पाय ठेवील, आणि तो "हं, हेच" म्हणेपर्यंत मी ती वर-खाली करत राहीन. नळी खुंटीवरून काढणार नाही, शब्द देतो. गावानं खुशाल हसावं.

आणि फरशी वाळली की पांढरकवड्याला जाईन. सुनंदाला समोर बसवून सांगेन, तुझ्या आईच्या पायात चप्पल नव्हती.

तुमचा,
वासू भाऊजी