आखाजीपर्यंत पंधरा गडी कायम ठेवण्याबाबत

जळगाव,
दि. ९ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. केंद्रप्रमुख श्री. साकिब सर,
नवदीप कामगार वाचन व क्रीडा केंद्र,
जळगाव.

विषय : मोबाईल फुटबॉल लीगमधून माझा संघ ‘बंद संघ’ म्हणून कमी न करणेबाबत.
संदर्भ : फळ्यावर लावलेली आपली नोटीस, दि. २ फेब्रुवारी.

महोदय,

आपली नोटीस मी फळ्यापुढे उभे राहून स्वतः वाचली. चौसष्टाव्या वर्षी आपल्याच केंद्रात अक्षरे शिकलो, त्यानंतर माझ्या नावाने निघालेला हा पहिलाच कागद. म्हणून आधी आनंद झाला. मजकूर मागून लक्षात आला. तरी पुढील गोष्टींचा विचार व्हावा.

१. मी सलग दहा आठवड्यांहून अधिक काळ संघात एकही बदल केला नाही, म्हणजे मी खेळ सोडला, असे नोटिशीत आहे. बदल केला नाही हे खरे. खेळ मात्र सोडलेला नाही. एकही सामना न चुकता पाहिला आहे.

२. मी या खेळात नवीन आहे. वाचनाचा सराव व्हावा म्हणून नाजमीन मॅडमनी ऑगस्टमध्ये माझे नाव लीगमध्ये घातले. इंग्लंडातले पंधरा खेळाडू निवडायचे, ते तिकडे खरोखर जसे खेळतील तसे इकडे आपल्याला गुण, एवढे त्यांनी समजावले. इतरांनी आकडे पाहून माणसे घेतली. मी फोटो पाहून घेतली. खांदे पाहिले, पोटऱ्या पाहिल्या, नजर पाहिली. मॅडमनी नावे वहीत मराठीत लिहून दिली, पण त्यातली सहा अजून तोंडात बसत नाहीत. म्हणून लांब्या, तांबड्या, कानवाला अशी घरची नावे ठेवली आहेत. कोणाची हरकत आलेली नाही.

३. आपण शहरातले, म्हणून खुलासा करतो. मी साक्री तालुक्यात तीस वर्षे सालदार होतो. सालदार म्हणजे आखाजी ते आखाजी, म्हणजे एका अक्षय्य तृतीयेपासून दुसरीपर्यंत, वर्षभर बांधलेला गडी. मध्येच घेतला तरी साल आखाजीलाच संपते, आणि तोपर्यंत मालकाने त्याला काढायचे नसते. मोबाईलवर पंधरा जणांपुढे बोट टेकवले तेव्हा मी मनातल्या मनात पंधरा जणांचे साल ठरवले. कप्तानाला मी मुकादम मानतो. चार जण बाहेर बसवावे लागतात, त्यांना रखवालीला ठेवले आहे असे समजतो. दर आठवड्याला माणूस बदलता येतो हे मला डिसेंबरात कळले. कळल्यावर वाईट वाटले.

४. आमचा मुकादम लांब्या डिसेंबरात गुडघा धरून पडला. लीगमधल्या ज्यांच्या ज्यांच्याकडे तो होता त्यांनी त्याच दिवशी त्याला काढले. लीगमध्ये तेव्हा तेराव्या क्रमांकावर असलेले रिक्षावाले तौफिक मला चौकात म्हणाले, “आबा, ही टीम आहे की दवाखाना?” सगळे हसले. मीही हसलो. पण महोदय, एका पौषात गाडी उलटून माझा पाय मोडला होता. दुसरा गडी घ्या, असे सगळा गाव मालकांना सांगत होता. आमचे मालक रुपचंद नाना ओट्यावरून एवढेच म्हणाले, “आखाजीलगून तो मनाच गडी शे.” म्हणजे आखाजीपर्यंत तो माझाच गडी आहे. दोन महिने मी खाटेवर होतो आणि भाकर त्यांच्या घरून येत होती. आता मी मालक झालो, तर पहिल्याच वर्षी लांब्याला कसा काढू?

५. म्हणून मी धुळ्याला गाडी बदलून साक्रीकडे गेलो. माझा पाय बसवणारे झिपरू वैद्य अजून आहेत. त्यांनी विचारले, “पाय कोठे शे?” मी मोबाईल पुढे केला. पाय हाताला लागल्याशिवाय औषध देत नाही, असे ते रागावून म्हणाले. मी इंग्लंडचे अंतर सांगितले. मग त्यांनी काचेवरून गुडघ्यावर अंगठा फिरवला, बराच वेळ डोळे मिटले आणि पडल्या दिवसापासून नऊ आठवडे सांगितले. तेलाची बाटलीही दिली. ती कुठे लावावी हे न समजल्याने मी ती माझ्याच गुडघ्याला लावत आहे. फरक आहे.

६. परवा शनिवारी संध्याकाळी, बरोबर नऊ आठवड्यांनी, लांब्या मैदानात उतरला आणि त्याने दोन गोल केले. मुकादमाचे गुण दुप्पट धरतात. लीगमध्ये तो फक्त माझ्याकडे होता. महोदय, मी चौदाव्यावरून तेराव्यावर आलो! आमच्या सौ. तानुबाई यांनी मीठ-मिरच्या ओवाळून मोबाईलची दृष्ट काढली. ठसका चार घरांपर्यंत गेला, आणि खोकत आलेल्या सर्वांना आम्ही शेव दिली. त्यात तौफिकही होते. ते आता चौदावे आहेत.

तरी विनंती की, माझा संघ आखाजीपर्यंत आहे तसा राहू द्यावा. आखाजीच्या दिवशी मी पंधराही जणांची नावे मोठ्याने वाचीन, आणि ज्याला सोडायचे त्याला रीतीने सोडीन. तोवर ती सहा नावेही तोंडात बसवतो.

नियम सर्वांना सारखा असतो हे मला समजते. तो मोडता येत नसेल, तर मालकाचे नाव कमी करावे, गडी कमी करू नयेत. संघ तौफिक यांच्या ताब्यात द्यावा. बंद संघाची तक्रार त्यांनीच केली होती, हे मला माहीत आहे. शेव खाताना मी त्यांना नानांची गोष्ट सांगितली. आखाजीपर्यंत एकालाही काढणार नाही, असे त्यांनी लिहून दिले आहे. लांब्याची मुकादमी राहील, हे त्यांनी न सांगता घातले.

आपल्या लीगमधील तेराव्या क्रमांकाचा, नम्र,

(सही) कौतिक
(अंगठा नाही, सही आहे)

सोबत :
१. पंधरा नावांची वही.
२. साक्रीला जाण्यायेण्याची एस.टी.ची तिकिटे. पैसे मागत नाही, गेलो होतो एवढेच दाखवायचे आहे.
३. तौफिक यांचे हमीपत्र. सही करताना ते हसत होते, पण सही खरी आहे.