फणसाची गिटार

बाबा, परवा सकाळी पूजा आटोपल्यावर मी माळ्यावर चढलो आणि तुम्ही बनवलेली गिटार खाली काढली. भाताच्या रिकाम्या गोण्यांच्या मागे, ज्या कोपऱ्यात मी ती टाकली होती त्याच कोपऱ्यात होती. मी तर उघडीच भिरकावली होती. आता ती गोणपाटात गुंडाळलेली होती, वर सुतळी बांधलेली. आईने गुंडाळून ठेवली असेल असं तेव्हा मला वाटलं. खाली उतरलो तर सून, म्हणजे तुमची सून, ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. "देवाला फूल वाहिलं आणि सरळ माळ्यावर? काय सापडलं वर?" मी गोणपाट सोडलं. तिने मान वाकडी करून पाहिलं. "पन्नाशीला आलात. आता कुणाच्या हळदीत वाजवणार?" म्हटलं, कुणाच्या नाय, घरात. "घरात माझी बडबड कमी पडते व्हय," असं म्हणून ती सूप घेऊन आत गेली. मी चटईवर बसलो आणि मागची फळी उघडायला पातळ पटाशी शोधू लागलो. तुमचीच पटाशी. मला त्या गिटारमधले पिकअप आणि तिची मान काढून घ्यायची होती. बाकी काही नको होतं.

तुम्हाला आठवतं का, ते दोन्ही मी कल्याणहून आणलं होतं? बारावी करून घरी बसलो होतो आणि मुरबाडकडच्या एका बँजो पार्टीच्या मास्तरांनी, वरातीत गिटार धरणारा कुणी असेल तर घेतो, असा निरोप पाठवला होता. वाजवायला मी शिकलो होतो, दुसऱ्याच्या गिटारवर. स्वतःची नव्हती. कल्याणला वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडे मोडकी गिटार पडलेली होती, धड पार फुटलेलं, पण मान शाबूत आणि दोन पिकअप चालू. मी ते घेऊन आलो, पिशवीतून पडवीत काढलं आणि तुमच्यासमोर ठेवलं. घरात सुतार असताना धडाची काळजी कशाला, असं मला वाटलं होतं. पिकअप म्हणजे काय तेही मी तुम्हाला सांगितलं. लोहचुंबकाच्या खुंट्या आणि त्यांच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचं एकच वेटोळं. वर तार हलली की खाली वीज हलते, ती वायरने पुढे जाते आणि भोंग्यातून आवाज निघतो. लाकूड बोलायचं काम करत नाही, ते फक्त घट्ट धरून ठेवतं. म्हणून धड ठोस पाहिजे, एका फळीचं. कोळशाने मी प्लायवर आकारही काढून दाखवला.

तुम्ही बिडी बाजूला ठेवलीत आणि हसलात. "हा काय पोळपाट हाय? जा, आयशीला सांग, पोळपाटाला तारा लाव म्हणावं, तोच वाजव." मी म्हटलं, बाबा, ठोसच पायजे, मोठ्या भोंग्यांपुढे पोकळ चालत नाय, कल्याणच्या माणसाने सांगितलंय. "त्या कल्याणवाल्यानं किती वीणे केले? पोटात पोकळी नसंल तर वाद्य बोलंल कुठून रे? देवळातला वीणा कुणी केला? आमी केला." देवळातला वीणा तुम्हीच केला होता, हे खरं होतं. सप्ताहात तो गळ्यात घालून उभं राहायला मिळावं म्हणून आजही लोक पाळी लावतात, मीही लावतो. त्या वीण्यासाठी आणलेल्या फणसाच्या ओंडक्यातला एक तुकडा तुम्ही वर्षानुवर्षं जपून ठेवला होता. तो तुम्ही माझ्यासाठी काढलात. देवाच्या वाद्याचं लाकूड बाप आपल्याला देतोय, त्याला नको कसं म्हणायचं?

काम तुम्ही देखणं केलंत, ते मी कधीच नाकारलं नाही. वाकसाने आतून कोरत कोरत भिंती इतक्या पातळ केल्यात की उन्हात धरल्यावर पिवळ्या लाकडातून उजेड येतोय असं वाटावं. मागची फळी बसवायच्या दिवशी पडवीत सरसाचा वास भरलेला आहे, तुम्ही फळी दाबून धरली आहे आणि मी सुतळीचे वेढे आवळतोय. "आवळ, अजून आवळ, रडू दे तिला." सरस ओघळून माझ्या बोटांवर चिकटला होता. फळी बसण्याआधी मी आत पाहिलं होतं. आत काहीच नव्हतं, स्वच्छ घासलेली पोकळी. तुम्ही वरून टिचकी मारलीत आणि ती घुमली. तुमचा चेहरा त्या वेळी असा होता की मला वाटलं, कदाचित माझंच चुकत असेल.

मग मुरबाडच्या पुढची ती वरात. बँजो पार्टी तुम्ही पाहिलेली होती, पण कुठे कोण उभं राहतं याकडे लक्ष दिलं नसेल. टेम्पोवर भोंग्यांचे खोके रचतात, मागे जनरेटर, आणि वाजवणारे टेम्पोच्या पुढे चालतात, खोक्यांना पाठ लावून. देवळात वीण्यापुढे टाळ असतात. इथे पाठीशी भिंतभर भोंगे. दुपारची वेळ होती. तुम्ही धुतलेला सदरा आणि टोपी घालून मुद्दाम आला होता, नवरीकडचे ओळखीचे होते आणि त्यांना तुम्ही आल्या आल्या सांगितलं होतं की गिटार आमच्या घरची आहे. मी वायर लावली. पहिल्यांदा घूंऽ असा बारीक आवाज आला, तो यायचाच, जनरेटरजवळ असले पिकअप तेवढं घुमतातच. मास्तरांनी बँजो सुरू केला, मी पहिला सूर लावला आणि टेम्पोतून किंकाळी फुटली. तारेवर हात ठेवला तरी थांबेना. पोकळ धड भोंग्यांचा आवाज पोटात घेत होतं आणि पुन्हा भोंग्यांनाच देत होतं. पोरं कानावर हात ठेवून हसायला लागली. "डुक्कार धरलं काय रे?" कुणीतरी ओरडलं. मी बाजूला सरकलो, वळलो, आवाज कमी केला, पुन्हा वाढवला, पुन्हा तेच.

मास्तरांनी हात वर करून सगळं थांबवलं. माझ्याकडे पाहिलं नाही, तुमच्याकडे पाहिलं. "सुतारबाबा, काय झालं ओ हे?" नवरीचा बाप तिथे होता, आमच्या गावातली चार माणसं होती. तुम्ही जवळ आलात, गिटारवर हात फिरवलात, आणि म्हणालात, "लाकडात काय खोट नाय. देवळातल्या वीण्याचा भाऊ हाय हा. पोराला हात नाय. हात असाय लागतो." एवढंच. मास्तरांनी वायर काढून घेतली. मी त्या उन्हात टेम्पोच्या मागून चालत राहिलो, कारण परत जायला गाडी त्यांचीच होती. मी आधीच सांगितलं होतं, हे मी तिथे बोललो नाही. बापाला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, हे तुम्हीच शिकवलं होतं. पोराला पाडायचं नाही, हे तुम्हाला कुणी शिकवलं नसावं.

पार्टीत दुसरा आला. आपल्या गावात मात्र ते वाक्य राहिलं. भजनात पेटी ओढायला बसलो तरी कुणीतरी गमतीने म्हणायचं, अरे त्याला हात नाय. त्यानंतर देवळातला वीणा सोडला तर मी वाद्याला हात लावला नाही, बाबा. गिटार माळ्यावर गेली आणि मी शहापूरला मोटारी भरायच्या दुकानात लागलो. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी, त्यातली काळी पडलेली तार काढायची आणि नवी भरायची. दिवसभर वेटोळी. एकदा तुम्ही गावातल्या कुणाची तरी मोटार घेऊन दुकानात आलात. चहा येईपर्यंत माझ्या मागे उभे राहिलात. तार बोटातून सुटत होती आणि वेढ्याला वेढा लागून बसत होता. मालक म्हणाले, तुमच्या पोरासारखा भरणारा तालुक्यात नाही. तुम्ही म्हणालात, "आमच्या घरातलाच हात हाय तो." मी मान वर केली नाही. काहीतरी अजून बोलाल असं वाटलं. मग छत्री उचललीत आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघालात. त्यानंतर चार-पाच वर्षांत तुम्ही गेलात. शेवटच्या दिवसांत मी तुमचे पाय चेपले, औषधं दिली, कानाशी नाव घेतलं. जे करायचं ते सगळं केलं. फक्त बोललो नाही.

गेल्या वर्षी चष्म्याचा नंबर वाढला तेव्हा वाटलं, बोटं अजून शाबूत आहेत तोवर एकदा पाहावं. कल्याणच्या त्या माणसाकडे गेलो. तो थकलाय, पण दुकान उघडतो. मी वरातीची गोष्ट सांगितली, नाव न घेता, जणू दुसऱ्या कुणाची. तो म्हणाला, "घूं करणं हा पिकअपचा गुण हाय, त्याला वेटोळं एकच हाय ना. ते सहन करायचं, म्हणून तर आवाज स्वच्छ मिळतो. पण किंकाळी धडाची. त्यात वाजवणाऱ्याचा काय दोष?" इतक्या सहज म्हणाला, आणि समोरच्या पेटीतले स्क्रू निवडू लागला. मी दुकानाबाहेर येऊन रसवंतीच्या बाकावर बसलो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. वेटोळ्यांतच माझं आयुष्य गेलं. पण दुसऱ्याच्या तोंडून कुणी कधी म्हटलं नव्हतं.

मग धड निवडायला गेलो. दोन शिंगांचा आकार सगळ्यांना आवडतो, छातीला नीट लागतो, दिसतोही छान. पण त्याच्या पाठीत तारांचा ताण धरणाऱ्या स्प्रिंगांसाठी मोठी खोबण कोरावी लागते. मला पोकळी नको होती, कुठेच नको होती. म्हणून एकाच बाजूला खाच असलेला, सपाट, पाटासारखा आकार घेतला. तारा थेट लाकडातून आरपार. तुम्ही त्याला पोळपाटच म्हणाला असता. लाकूड शिवणीचं, हलकं आणि एकसंध, शहापूरच्या वखारीतलं. घरात तुमच्या फळ्या अजून पडल्या आहेत. त्यातली एकही मी घेतली नाही.

आणि परवा सकाळी, बाबा, मी मागची फळी उचकटली. सरस काळा पडून खडखडीत वाळलेला असेल, पटाशी लावली की तडकेल, असं धरून चाललो होतो. तडकला नाही. कडेला पांढरा डिंक होता, चिवट, आणि त्याच्याखाली सरसाचे जुने डाग खरवडलेले. सुतळीने नव्हे, शिकंज्याने दाबलेली खूण. फळी निघाली आणि आत उजेड गेला. मानेपासून पार शेपटीपर्यंत, दोन्ही पिकअपच्या खाली, सागाचा एक जाड ठोकळा बसवलेला होता. इतका चपखल की कागद सरकणार नाही. त्याच्यावर तुमची पेन्सिलची रेघ, नेहमीसारखी टोकाशी थोडी वळलेली. पोकळी दोन्ही बाजूंना उरली होती, मध्ये ठोस. किंकाळी अशी दाबतात हे कुणी सांगितलं तुम्हाला? कुणालाच विचारलं नसणार. स्वतःच टिचक्या मारून शोधलं असेल. मग पुन्हा मिटवलीत, गोणपाटात गुंडाळलीत, सुतळी बांधलीत आणि मी टाकली होती तिथेच नेऊन ठेवलीत.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. मी इतकी वर्षं असं धरून चाललो होतो की तुम्हाला कधी कळलंच नाही. अडाणी हट्ट म्हणून मी तुम्हाला जवळजवळ माफ केलं होतं, रोज दिवा लावताना तुमच्या फोटोपुढे हात जोडत होतो. आता ते कसं करू? लाकूड तुम्ही उघडलंत, दुरुस्त केलंत. एक वाक्य उघडता आलं नाही? मास्तरांना नाही, नवरीच्या बापाला नाही, निदान पडवीत, आपण दोघंच असताना, "वर जाऊन बघ" एवढं तरी. मी जेवायला बसत होतो तुमच्या शेजारी. सून सांगते, म्हातारं माणूस, त्यांनी हातानं सांगितलं, तुमी बघितलं नाय. तिचं म्हणणं मी ऐकून घेतलं. तोंडाने मला नाकारलं होतं, बाबा, सगळ्यांसमोर. हाताने, माळ्यावर, गोणपाटात, मला नको होतं ते.

मी पिकअप सोडवले, मान काढली, आणि दोन्ही शिवणीच्या धडात बसवली. काल संध्याकाळी हरिपाठाला जाण्याआधी तारा चढवल्या. वाजते. स्वच्छ वाजते, बारीक घूं सोडली तर. तुमचं धड फळी लावून पुन्हा गोणपाटात बांधून वर ठेवलं.

फक्त एक. परवा सकाळी, काहीही सोडवण्याआधी, फळी पुन्हा बसवून वायर लावून पाहता आली असती. नव्या गिटारसाठी आणलेला भोंगा ओटीवरच होता, बटण दाबायचं राहिलं होतं. सूनही म्हणाली, एकदा बघा तरी. मी लावली नाही. तुमची गिटार ओरडली नसती तर काय करायचं, ते मला माहीत नव्हतं.