कुंकू की लोखंड

६ ऑक्टोबर, सोमवार
डोकं फिरलंय! इतकं, की बसवनगुडीला उतरायचं सोडून पुढच्या स्टॉपपर्यंत गेले.

दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये लोखंडाचा कण आणि पोटॅशियम चिरडायचं — हे माझं पीएचडीचं काम. इथे वर, जमिनीवर, ही दोघं एकमेकांकडे ढुंकूनही बघत नाहीत. पण ग्रहाच्या पोटात असतो तसला दाब दिला आणि आज एक्स-रेमध्ये नव्या रेषा आल्या. दोघं एक झाली होती!

उमाकांत सर, माझे गाइड, म्हणाले, या रेषा कुंकवाच्या असतील. आयुधपूजेला लॅबमधल्या मंजुनाथअण्णाने सगळ्या यंत्रांना लावलं, तेच आत गेलं. खरं कारण मला माहीत आहे. सरांच्या जुन्या पेपरात छापलंय, ही दोघं कधीच एक होत नाहीत.

७ ऑक्टोबर
पेपर म्हणजे काय वेद लागून गेला?

९ ऑक्टोबर
अण्णाला कामावरून काढलं! कॉन्ट्रॅक्टवरचा माणूस, विचारतो कोण. आपला पेपर वाचवायला खापर त्याच्या डोक्यावर फोडलं सरांनी. मी सरळ केबिनमध्ये जाऊन भांडले. तू तुझ्या थीसिसचं बघ, सर म्हणाले.

अण्णा निपाणीचा. बंगळुरूच्या या लॅबमध्ये माझ्याशी मराठी बोलणारा तो एकटाच. गेटवर मलाच समजावत होता, "असू दे अक्का. स्वल्प शांत राहा." शांत! संताप संताप होतोय नुसता.

१३ ऑक्टोबर
सरांचा हुकूम — नमुना फेक, हिरे धुऊन ठेव. ठेवते ना! पण उघडायचं ते माझ्या पद्धतीने. दाबाचा स्क्रू जरा सैल केला, एक्स-रे घेतला. पुन्हा सैल, पुन्हा एक्स-रे. कुंकू असेल तर दाब गेल्यावरही कुंकूच राहणार, जाणार कुठे?

रेषा पुसट झाल्या. मग गेल्याच. आत नुसतं लोखंड आणि नुसतं पोटॅशियम, पुन्हा एकमेकांना अनोळखी. म्हणजे सगळी करामत दाबाचीच होती!

प्रिंट सरांपुढे आपटले. सर म्हणाले, "रिपीट कर." अण्णाचं नाव नाही.

१४ ऑक्टोबर
अण्णाला फोन केला. तुमचं कुंकू निर्दोष आहे, मी सिद्ध केलं, असं एका दमात सांगून टाकलं. तो म्हणाला, "त्या यंत्राला मी कुंकू लावलंच नव्हतं, अक्का. आत हिरे असतात म्हणून खोलीच्या दाराच्या कडीला लावलं. सरांना पूजेच्या दिवशीच दाखवलं होतं. तुम्ही विचारलं असतं तर तुम्हालाही सांगितलं असतं."