न मोडलेली तलवार

प्रिय ठमे,

काल तुझा तलवारी पारखण्याचा नवा व्हिडिओ आला, तेव्हा आपल्या तलवारींच्या कारखान्यात मोबाइल पत्र्याच्या डब्याला टेकवला होता आणि सगळे हातातलं काम टाकून त्याच्यापुढे उभे होते. तुझे बाबा तेवढे ग्राइंडरपाशी पाठ करून बसले होते, पण ग्राइंडर बंद होता. तू ती तलवार कानाशी नेऊन हलवलीस, मूठ खुळखुळते का पाहिलंस. पातं वाकवून सोडलंस, ते सरळ झालं. मग जुन्या टायरवर असे घाव घातलेस की माझाच जीव टांगणीला लागला. शेवटी घामाघूम होऊन म्हणालीस, की स्वस्तातल्या तलवारींत पहिल्यांदाच अशी मिळाली, जी मला मोडता आली नाही. मी आनंदाने पॅकिंगवाल्याच्या पाठीत असा धपाटा घातला की तो बिचारा अजून पाठ चोळतोय.

दोन वर्षांपूर्वी आपल्याच कारखान्यातली तलवार तू सगळ्यांदेखत मोडलीस. पात्याची मुठीत जाणारी पट्टी करंगळीएवढी, तीही वेल्ड केलेली, हे दाखवलंस. भिंतीवर टांगा, पण नाटकात कुणाच्या हातात देऊ नका, पातं निसटलं तर समोरच्याचा जीव जाईल, असं बजावलंस. खरं तेच बोललीस. पण बाबांना ते झोंबलं. तुला घरभेदी म्हणाले आणि बोलणंच टाकलं. मी मध्ये पडले नाही, मुठींना चामडं गुंडाळत विचार करत राहिले. पातं मुठीच्या टोकापर्यंत अखंड नेणं या किमतीत परवडत नाही, हे बाबांचं पालुपद. मग मी सोनेरी मुलामा, काचेचे खडे, मखमली म्यान, सगळ्याला काट मारली. बडा घर पोकळ वासा, दुसरं काय. त्यात वाचलं ते पोलादात घातलं. असल्या बोडक्या तलवारीला कुत्रं विचारणार नाही, असं बाबा कुरकुरले. तरी पातं त्यांनीच घडवलं, आणि तापल्या पात्याला पाणी पाजताना मला जवळही फिरकू दिलं नाही.

होय, कालची तलवार तीच. पॅकिंगवाल्याच्या नावाने मीच धाडली, कारण आपली आहे हे कळतं तर तुझा हात आखडला असता. हे तू तुझ्या प्रेक्षकांना लगेच सांगून टाक, लपवाछपवी नको. हवं तर दुकानातून दुसरी घे आणि पुन्हा झोडप, मी घाबरत नाही. पण पत्र लिहायला बसले ते एवढ्यासाठी नाही. आज सकाळी एक नाटकवाला आला. तलवारी मुलांच्या हातात द्यायच्या आहेत, मोडणार नाहीत याची हमी काय, असं विचारायला लागला. मी तोंड उघडायच्या आत बाबा उठले. दोन वर्षं ज्यांनी तुझं नाव काढलं नाही, ते त्याला म्हणाले, माझी लेक ही तलवार मोडायला बसली होती, तिला जमलं नाही, आणि ती सख्ख्या बापाचीही गय करत नाही.

तुझीच, आज कुणालाही न आवरणारी,
आई