तुझ्या नावाच्या गोळ्या

तीर्थस्वरूप आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार. तुझं मनगट प्लॅस्टरमधून सुटलं असेल, बोटं वळत असतील आणि शेजारणीशी भांडण पूर्ववत सुरू झालं असेल, अशी आशा. फोनवर तू नुसतं 'बरी आहे' म्हणून ठेवून देतेस, म्हणून लिहितोय. मी मजेत आहे. (एवढं वाक्य बाबांना वाचून दाखव. पुढचं नको.)

तू बाथरूममध्ये घसरलीस, डॉक्टरांनी हाडं ठिसूळ झालीत म्हणून कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी लिहून दिलं, आणि तू मला चिठ्ठीचा फोटो धाडलास की तिकडे मिळतात का बघ. दुसऱ्याच दिवशी तुला त्या गोळ्या तिथेच मिळाल्या. पण तोवर मी इथल्या दुकानात जाऊन आलो होतो, आणि जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिथे काउंटरवर एक औषधवाली आहे. (कशी आहे ते लिहीत नाही, कागद पुरायचा नाही.) तिची रीत अशी की डबी काढायची, तिच्यावर तळहात ठेवायचा आणि उत्तरं मिळेपर्यंत उचलायचा नाही. तुला कधी मुतखडा झाला होता का? थायरॉईडची गोळी चालू आहे का, लोहाची आहे का? असेल तर कॅल्शियम तिच्याबरोबर घ्यायचं नाही, मध्ये चार तास जाऊ द्यायचे. रांगेत माझ्यामागचे एक टकले गृहस्थ 'आवरा' म्हणाले, तर मी बाह्या सरसावल्या. (कॉलेज याच बाह्यांपायी सुटलं, तुला ठाऊकच आहे.) उत्तरं मी मनाने ठोकून दिली. तुला थायरॉईड दिलं, पुढच्या खेपेला विसरून काढून घेतलं. खेपा वाढाव्यात म्हणून एक डबी तू हरवलीस, एक उंदराने नेली.

हसू नकोस, आत्या. मी एका तळघरात पार्सलांवर पत्ते चिकटवतो. ऊन जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत येतं आणि तिथूनच परत फिरतं. दिवसभरात माझ्याशी जे बोलतात ते पार्सलबद्दल बोलतात. ती मात्र विचारायची, आत्या जेवल्यावरच घेतात ना? प्रश्न तुझा असायचा, पण ऐकायला मी असायचो. खोलीवर येऊन मग मीही मुकाट्याने जेवून घ्यायचो.

डब्या खिडकीत साठल्या. टाकवेनात. गुडघाही जरा कुरकुरत होता (निदान तसं वाटून घेतलं), म्हणून मीच सुरू केल्या. आता माझा स्वभाव. डीची मोठी कॅप्सूल आठवड्याला एक असते, ती मी रोज एक घेतली, आणि कॅल्शियम विभागून घ्यायचं ते मूठभर एकदम. थोड्याच दिवसांत तोंडाला कोरड, पोटात मळमळ, आणि पोटाने असा संप पुकारला की वाटाघाटींना कोणी पुढे येईना. डॉक्टरांनी रक्त तपासलं. त्यात कॅल्शियम वर चढलेलं. सगळं बंद करून भरपूर पाणी प्यायला सांगितलं, आणि वर ऐकवलं की तुझ्या वयाला दूध पी, उन्हात फिर, जास्त घेतल्याने हाड जास्त मजबूत होत नसतं.

उरलेल्या डब्या घेऊन मी औषधवालीकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. फक्त म्हणाली, "मग आत्या तरी खरंच आहेत का?"

मी भडकलो. आहे म्हणजे काय, माझी सख्खी आत्या आहे. ती म्हणाली, मग त्यांनाच घेऊन या एकदा.

तुझा लाडका,
(बाकीच्यांचा वाया गेलेला)

ता. क. : मुतखड्याचं, थायरॉईडचं आणि लोहाचं खरं काय ते कळव. तिने विचारलं तेव्हा लक्षात आलं, मला तुझं काहीच ठाऊक नाही. आणि मोठी कॅप्सूल डॉक्टरांनी सांगितली तशीच घे, लवकर बरं व्हायच्या घाईत एकही जास्त नको.

आणखी एक : चार दिवस इकडे ये. पलंग तुझा, मी खाली झोपेन. गच्चीवर सकाळी चांगलं ऊन येतं म्हणतात, मी अजून चढून पाहिलेलं नाही.

शेवटचं : पत्र टाकायला निघालो तो दुकानावरून आलो. तिची बदली झाली, दुसऱ्या शाखेत, कुठल्या ते विचारायचं धाडस झालं नाही. तिच्या जागी एक मिशीवाले आहेत. ते डबी देतात, सुट्टे देतात, विचारत काही नाहीत. म्हणजे आता तुला कोणाला दाखवायचं उरलेलं नाही. तरी ये. उत्तरंही घेऊन ये. आता विचारणारा मीच आहे.